पुठ्ठ्यावरचा मसुऱ्याचा रस्ता

माझ्या धाकट्या दिराला दानधर्माची फार हौस. स्वतःच्या घरात नकोसं झालेलं सगळं तो गावाला देतो. एका बाजूलाच वारा घालणारा पंखा, झाकण हरवलेला मिक्सर, पोरांना आखूड झालेले स्वेटर. आमच्या कणकवलीजवळच्या गावात पौषातसुद्धा दुपारी पदराने मान पुसावी लागते, तिथे स्वेटर. आणि देताना तोंड असं करतो, जणू देवळाला घंटा अर्पण करतोय.

गेल्या गणपतीला तो ठाण्याहून आला तो एक भलामोठा खोका घेऊन. "वहिनी, हे बाबांसाठी. साधं नाही हां, बाहेरून मागवलेलं आहे." खोक्याच्या कोपऱ्यांना चिकटपट्ट्या, आत एका गाडीला चाक नाही. त्याच्या मुलांनी खेळून खेळून टाकलेलं खेळणं होतं ते. विजेवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाड्या आणि त्यांचा रस्ता. काळ्या प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवले की नागमोडी रस्ता तयार होतो. त्यात एक बारीक चर असतो. गाडीच्या पोटाखालची खुंटी चरात बसवायची आणि हातातला चाप दाबायचा. दाबला की गाडी पळते, बोट सैल केलं की मंदावते. वळणावर बोट सैल केलं नाही तर गाडी उडून भिंतीवर आपटते. संपला खेळ. मोठी मोठी शिकलेली माणसं यावर रविवार घालवतात म्हणे. घालवोत बापडी.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी एसटीची लाल गाडी हाकली, त्यातली बरीचशी वर्षं कणकवली-मसुरे रस्त्यावर. रिटायर झाल्यावर दुसरं काही जमेना म्हणून त्यांनी माझ्या स्वयंपाकात खोडी काढायचं काम हाती घेतलं आणि तेही नोकरीइतक्याच नेमाने केलं. भात मऊ, सोलकढी पाणचट, सुकट खारट. माझ्या हातचं एक जेवण त्या माणसाने मुकाट्याने गिळलं नव्हतं. मी मनात म्हणायची, एक दिवस तरी गप्प जेवा हो.

गेल्या मे महिन्यात त्यांची उजवी बाजू गेली. तोंड सावरलं, पाय काठीवर आला, हात मात्र आला नाही. बोटं आत वळली आणि मूठ तशीच घट्ट बसली. व्यायाम शिकवायला कणकवलीहून एक बाई यायच्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, मूठ आवळणं त्यांना येतंय, उघडणं येत नाहीये. रोज उघडायचा प्रयत्न केला नाही तर ती कायमची तशीच बसेल. बाई कपडे वाळत घालायचे चिमटे देऊन गेल्या, मऊ चेंडू देऊन गेल्या. बाबांनी चेंडू समोरच्या खळ्यात, अंगणात, फेकला, डाव्या हाताने.

"मी काय बालवाडीत आसंय?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

डाव्या हाताने ते जेवेनात. डावा हात ताटाला लावायचा नाही म्हणजे नाही. मग मी भरवायची. घास तोंडापर्यंत न्यायचा, ते तोंड उघडायचे, डोळे दाराकडे. चार घास झाले की मान हलवून नको म्हणायचे. आणि खोडी काढणं बंद. एकदा डाळीत मीठ घालायला मी विसरले, पूर्ण विसरले. त्यांनी ती डाळ तशीच खाल्ली. त्या दिवशी भांडी घासताना मला रडू आलं. माझी मलाच चीड आली, कारण ज्या गप्प बसण्यासाठी मी इतकी वर्षं देव पाण्यात घातले होते ते मिळालं होतं आणि मला ते नको होतं.

अशा माणसाला दिराने शर्यतीच्या गाड्या आणल्या. पडवीत दोन बाकांवर जुनं दार आडवं टाकून त्याने रस्ता जोडला. सोबत सजावटीची पिशवी होती. त्यात प्लास्टिकची सूचिपर्णी झाडं, त्यांच्या फांद्यांवर पांढरा बर्फ. बर्फ. दाराबाहेर माडाखाली बैल बांधलेला, आणि पडवीत बर्फ. एक घर होतं, उतरत्या छपराचं, त्याला धुराडं. सगळं मांडून दिराने स्वतःच गाडी पळवली, स्वतःच टाळी वाजवली, फोटो काढून ठाण्याला पाठवला आणि गौरी-गणपती पोचवून निघून गेला. बाबांशी तो एकंदर किती बोलला असेल, तर फोटो काढताना "बाबा, इकडे बघा" एवढंच.

तो गेल्यावर बाबा काठी टेकत पडवीत आले. 

"ह्यां झुरळ खंयसून हाडल्यान?" गाडीकडे काठी करून म्हणाले.

"तुमच्या धाकट्या झिलान हाडल्यान, बाबांनू. तुमका खेळूक."

"ह्येका रस्तो म्हणतत? कडेक गटार नाय, झाड नाय, मोरी नाय. असल्या रस्त्यावर गाडी कोण हाकतलो?"

मे महिन्यापासून त्यांनी एका दमात एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि बोलले ते तुच्छतेने, अगदी पूर्वीच्या सुरात. माझ्या डोक्यात तिथेच आलं की या माणसाला गोंजारून काही व्हायचं नाही. याला नावं ठेवायला काहीतरी दिलं पाहिजे. खोट्या रस्त्याला तो नावं ठेवतोय, तर मी त्याला त्याचाच रस्ता करून देते. कणकवली ते मसुरे. मग बघू किती नावं ठेवतो.

मला हे काम काही नवीन नव्हतं. लग्नाआधी मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात, आणि घरच्या गणपतीचा देखावा दरवर्षी मी करते. मखर माझं, शाबासकी दिराची, असा आमच्याकडे रिवाज आहे. तरी म्हटलं, छोट्या रस्त्याची झाडं-डोंगर कसे करतात ते मोबाइलवर बघावं. बघितलं आणि डोकं फिरलं. एक गोरागोमटा मनुष्य म्हणतो, आज आपण घरातल्या घरात, अगदी स्वस्तात डोंगर करणार आहोत. मग टेबलावर काय काढतो, तर तारेने फोम कापायचं यंत्र, रंग उडवायची बंदूक, आणि पाकिटातलं तयार गवत. गवत विकत. आमच्या परड्यात जे उपटून उपटून कंबर मोडते ते हा माणूस पाकिटातून आणतो आणि त्याला काटकसर म्हणतो. दुसरी एक बाई कॉफीच्या बियांच्या सालांपासून पाचोळा करत होती. साल मिळवायला आधी कॉफीचा मळा घे म्हणावं. मी मोबाइल पालथा टाकला.

माझं सामान असं. नवऱ्याच्या कचेरीतून आलेले फाइलींचे पुठ्ठे, मखराचा उरलेला थर्माकोल, जुनी वर्तमानपत्रं आणि भाताची खळ. पुठ्ठ्याचा सांगाडा करून त्यावर कागद चिकटवत गेलं की डोंगर होतो, त्याला कसलं यंत्र लागत नाही. चहाची गाळलेली पावडर उन्हात वाळवली, तिची झाली जमीन. आमच्याकडे चहा इतका होतो, की अख्खा सिंधुदुर्ग करता आला असता. खळ्याच्या कडेचा चिरा खरवडला, त्याची लाल माती रस्त्याच्या दोन्ही कडांना. गिरणीतला लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला, ते गवत. तुळशीच्या सुकलेल्या मंजिऱ्यांची झाडं इतकी खरी दिसतात, की त्या गोऱ्यागोमट्याला दाखवली असती तर त्याने पाकिटात भरून विकली असती. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून झुडपं. वाढवणीच्या, म्हणजे खराट्याच्या, हिरांचे माड, वर कागदाची झावळं कातरून. आणि घरं बाबांच्या गोळ्यांच्या खोक्यांची. खोक्यांना आमच्याकडे तोटा नव्हता.

नवरा संध्याकाळी आला, बूट काढता काढता बघितलं आणि म्हणाला, "ह्यां काय चललां हा तुजा?"

"बाबांचो रस्तो करतंय."

"पण तेंचो हात..."

"म्हणानच करतंय. तुमका काय सुचता तर सांगा."

"बघूया," म्हणाला. माझा नवरा 'बघूया' या एका शब्दावर जगतो. बापाच्या हाताचं काय, बघूया. छपराची कौलं, बघूया. मरणसुद्धा दारात आलं तर त्याला बाकावर बसवून बघूया म्हणेल. वाईट नाही माणूस, पण त्याच्या भरवशावर राहिलं असतं तर पडवीत अजून बर्फच असता.

काम चालू असताना मी बाबांची खुर्ची मुद्दाम शेजारी ठेवली. पहिले दोन दिवस त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी राहवेना.

"तो पणस खंय लावलंस?"

"रस्त्याच्या डाव्या अंगाक."

"डाव्या? कोणी सांगल्यान तुका? तो उजव्या अंगाक आसा. जाताना उजव्या."

मी फणस निमूट उपटून उजवीकडे लावला. मग सुरूच झालं. ओढ्यावरची मोरी चढाच्या आधी, नंतर नाही. शाळेचं कुंपण चिऱ्याचं, तारेचं नाही. चहाच्या टपरीला निळा पत्रा, तो सुद्धा पुढून वाकलेला, कारण एकदा मागे घेताना यांच्याच गाडीने वाकवला होता. "ह्यां घर हयसर नाय", "ह्यो माड केवढो, नारळ काढूक विमान लागतला". माझ्या मंजिऱ्यांना नावं ठेवली, काथ्याला नावं ठेवली, चहाच्या जमिनीवर मुंग्या आल्या तेव्हा तर त्यांना सणच झाला. मी वरून चिडत होते आणि आतून मला बरं वाटत होतं, हे कशाला लपवू.

रस्ता पुरा झाला आणि त्यांनी चाप मागितला. डाव्या हातात घेतला. गाडी निघाली, मोरी ओलांडली, चढ चढली आणि पुढच्या मोठ्या वळणावर उडून सरळ माझ्या हिरांच्या माडांत. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. झुरळ काही ते वळण घेईना. जन्मभर ज्याने पन्नास माणसं आणि टपावरच्या कोंबड्यांसकट गाडी त्या वळणावरून नेली, त्याला खेळण्यातली गाडी नेता येईना. मी तोंड फिरवून भुसा गोळा करत राहिले, कारण मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"उडतली नाय तर काय करतली," बाबा म्हणाले. "थंय राखणदार खंय आसा?"

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे गावाच्या हद्दीत, वळणावर, पाण्याच्या काठी राखणदार असतो. देऊळ नाही, मूर्ती नाही, झाडाखाली एक दगड. त्या दगडासमोरून गाडी नेताना ड्रायव्हर लोक वेग कमी करतात. मी घरातल्या देवापुढे सुद्धा घड्याळ बघत दिवा लावणारी बाई. दगड बघून गाडी हळू करणाऱ्या, आणि पुढच्या गावात गुटखा खाऊन सुसाट सुटणाऱ्या ड्रायव्हरांबद्दल माझं मत फार वर नाही.

"राखणदार नाय म्हणान गाडी उडता?" मी म्हटलं. "चाप सोडूक होयो, बाबांनू. वेग जास्त आसा."

"तांच सांगतंय मी. राखणदार दिसलो की पाय काढूचो. ब्रेक नाय मारूचो, नुसतो पाय काढूचो. ब्रेक मारलो तर तेका वाटता आमी भियालो. पाय काढलो की मान दिलो." मग माझ्याकडे बघून, त्याच जुन्या सुरात, "रस्तो केलंस आनि राखणदार इसारलंस. शिकललां माणूस मा तू."

मी खळ्यातून एक दगड उचलून आणला, बोटाच्या पेराएवढा. कुंकवाचं एक बोट लावलं, वळणाच्या आतल्या अंगाला चिकटवला आणि वर मंजिरीचं झाड लावलं. मनात म्हटलं, घ्या, झालं तुमचं समाधान.

बाबांनी चाप डाव्या हातात घेतला, दगडाकडे बघितलं आणि चाप खाली ठेवला.

"काय झालां?"

"डाव्या हातान कोण मान देता?"

आणि त्यांनी डाव्या हाताने उजवी मूठ धरली. एक एक बोट सोडवून त्यांनी तो चाप त्या मुठीत घुसवला. वेळ लागला, कपाळावर घाम आला. मी पुढे झाले तशी त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी दोन पावलं मागे गेले. मुठीने चाप आवळला आणि गाडी जी सुटली ती थांबेना. आवळणंच फक्त येत होतं ना. गाडी वळणावर आली, उडाली आणि राखणदाराला घेऊन पडवीच्या खाली गेली.

मी म्हटलं, आता हे उठून जातील.

"चिकटव तो परत," बाबा म्हणाले. "गम बरो लाव. देवाचा काम आसा."

त्यानंतर रोज सकाळी पेज झाली की ते पडवीत जाऊन बसायचे. व्यायामाच्या बाई आल्या, त्यांनी बघितलं, म्हणाल्या, हेच करू देत, फक्त सोडण्यावर लक्ष द्या. सोडण्यावर लक्ष द्या असं बाबांना मी सांगायची गरज नव्हती. गाडी चढावरून यायची आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर थोडा मागे सरकायचा. पाय बरोबर सरकायचा, बोटं मात्र ऐकायची नाहीत. गाडी उडायची. मी दगड चिकटवायची. माझे सगळे माड मोडले, शाळेचं कुंपण गेलं, टपरीचा पत्रा दुसऱ्यांदा वाकला. एवढं कातरकाम केलेलं, पण मी एक झाड पुन्हा उभं केलं नाही. फक्त दगड तेवढा चिकटवत राहिले. असल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. आमच्या राखणदाराला बोटं उघडता येत असती तर त्याने आधी स्वतःवर छप्पर घातलं असतं.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस मी चुलीशी होते, तर पडवीतून झुरळाचा आवाज येत होता, नेहमीचा, चढत जाणारा. मी धाडकन आदळायची वाट बघत हातातला पळा धरून थांबले. आवाज चढला आणि मग उतरला. थांबला नाही, नुसता उतरला. पुन्हा चढला. मी बाहेर आले तर गाडी वळण ओलांडून मसुऱ्याच्या उतारावर लागली होती, आणि बाबांच्या मुठीतली दोन बोटं चापावरून सुटलेली होती. फार नाही, मध्ये काडी जाईल एवढीच.

"बघतंस काय? जेवान करपता," म्हणाले.

फोनवर दिराला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ वहिनी, मी म्हटलं नव्हतं? खेळणं किती उपयोगी पडलं." पुढच्या वेळी सायकलचा व्यायाम करायचं यंत्र आणतो म्हणाला, त्यांच्याकडे पडूनच आहे. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो म्हणाला, बघूया.

पुढे बोटं हळूहळू सैल होत गेली. पूर्ण नाही. अजूनही करंगळी आतच असते. पण त्या थंडीत एका दुपारी मी नेहमीसारखं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले, बांगड्याचं तिकलं घालून भात कालवला, घास केला, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही.

"ताट खाली ठेव आनि तू जा."

"सांडतला, बाबांनू."

"सांडांदे. माज्या घरात सांडतला. जा."

मी आत गेले आणि दाराआड उभी राहिले. अर्धा भात मांडीवर पडला. बांगड्याच्या काट्यांशी त्यांची ती वाकडी बोटं किती तरी वेळ झटत होती. मला धावून जावंसं वाटत होतं, मी दाराची चौकट धरून ठेवली. शेवटी एक घास पोचला. चावत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, सात-आठ महिन्यांत ऐकला नव्हता त्या आवाजात विचारलं,

"तिकल्यात तिरफळां खंय गेली गो? का तीय झिलान ठाण्याक नेली?"

तिरफळं मी घातली होती. चांगली मूठभर घातली होती.

"इसारलंय, बाबांनू," मी आतून म्हटलं.